वॉरंटी वापीत, यंत्र रानशेतात

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात संगणक विकत घेणं आता अवघड राहिलेलं नाही. डहाणू रोड स्टेशनाजवळच्या बाजारात मिळतो, बोईसरला मिळतो, तलासरीकडच्या माणसाला तर वापी हाकेच्या अंतरावर. ऑनलाइन मागवला तर कुरिअरवाला रानशेतसारख्या गावापर्यंत खोकं आणून देतो. खरी अडचण यंत्र बिघडल्यावर सुरू होते. कस्टमर केअरला फोन लावला की आधी पिनकोड विचारतात. पिनकोड सांगितला की पलीकडचा आवाज जरा थांबतो. मग, ‘सर, आपल्या लोकेशनला ऑनसाइट सर्व्हिस अव्हेलेबल नाही, नियरेस्ट सेंटरला कॅरी-इन करावं लागेल.’ हे नियरेस्ट म्हणजे कधी वापी, कधी वसई-विरार, कधी थेट मुंबई. विकताना घरपोच आलेली कंपनी दुरुस्तीच्या वेळी ग्राहकालाच प्रवासाला धाडते.

या प्रवासाचा हिशेब कुठल्याच वॉरंटी कार्डावर नसतो. रानशेतहून यंत्र घेऊन निघायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, येण्या-जाण्याचं भाडं पडतं, आणि तिथे पोहोचल्यावर ‘पार्ट मागवलाय, आठ दिवसांनी फोन करा’ हे ऐकून परत यायचं. पस्तीस-चाळीस हजारांच्या लॅपटॉपसाठी अशा तीन खेपा झाल्या की माणूस वॉरंटी सोडून गावातल्या मेकॅनिककडे जातो. कंपनीच्या दफ्तरी ती तक्रार उरतच नाही.

दाद मागायची सोय मात्र कागदावर चांगली आहे, आणि ती रानशेतच्या माणसाच्या बाजूने वळलेली आहे. महाराष्ट्र ग्राहक चळवळीत मागे नव्हता. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी मुंबईत १९६६ साली सुरू झाली, बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत पुण्यात १९७४ साली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर, डिसेंबर १९८६ मध्ये आला. पण डहाणू-तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि जिल्ह्याचा ग्राहक मंच ठाण्याला. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. शिवाय जुन्या कायद्यात तक्रार करायची ती विरुद्ध पक्षाचा धंदा जिथे चालतो तिथे, नाहीतर तक्रारीचं कारण जिथे घडलं तिथे. तलासरीच्या माणसाने वापीत प्रिंटर घेतला तर त्याने गुजरातच्या वलसाड जिल्ह्याचा मंच गाठावा, म्हणजे परक्या राज्यात दावा लढवावा, असा त्याचा अर्थ होई. सीमेवरच्या माणसाला हा कायदा अर्धाच लागू होता म्हणायचा.

२०१९ च्या नव्या कायद्याने हे बदललं. जुलै २०२० पासून तो अमलात आहे. त्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे (जुन्या मंचाचं हे नवं नाव) तक्रार करता येते. दुकान वापीत असो, सिल्वासात असो की बंगळुरूच्या गोदामात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते, आधी ई-दाखिलवर आणि २०२५ पासून ई-जागृतीवर, आणि सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्ज करण्याचीही तरतूद आहे. माझ्या मते संगणक ग्राहकासाठी या कायद्यातलं सगळ्यात मोलाचं कलम हे ३४ वंच; उत्पादन दायित्वाच्या नव्या प्रकरणाचा गाजावाजा त्यामानाने फार झाला.

आता वॉरंटीकडे. आपल्याकडे संगणकाला अमुक इतकी वॉरंटी दिलीच पाहिजे असा कायदा नाही. एक वर्ष ही कंपन्यांनी पाडलेली रीत आहे. युरोपीय संघात सदोष मालाबद्दल विक्रेत्याची किमान दोन वर्षांची जबाबदारी कायद्यानेच ठरवलेली आहे, ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. आपल्याकडे आधार आहे तो १९३० च्या माल विक्री कायद्याचा. माल विकण्याजोग्या दर्जाचा असावा आणि सांगितलेल्या कामाला उपयोगी पडावा, ही अट विक्रीत गृहीतच धरलेली असते असं तो म्हणतो. ही अट वॉरंटी कार्डावर छापलेली नसते, म्हणून ती आहे हे दुकानदाराला माहीत नसतं आणि ग्राहकालाही. तेराव्या महिन्यात मदरबोर्ड गेला की ‘वॉरंटी संपली’ हे वाक्य शेवटचं मानलं जातं. तसं ते नाही. दोष मुळातला होता असं दाखवता आलं तर तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दाखवता येणं, ही मात्र मोठी पायरी.

वॉरंटीतून काय वगळलेलं असतं ते वाचलं की डहाणूच्या हवेचा विचार करूनच कोणी ते लिहिलं असावं असं वाटतं. व्होल्टेजच्या चढ-उतारामुळे झालेलं नुकसान नाही. पाणी, ओल, गंज नाही. किडा-मुंगी नाही. वीज पडली तर नाही. किनाऱ्यालगत खारी हवा, आत जंगलपट्टीत पावसाळाभर ओल, आणि पहिल्या पावसात वीज किती वेळा जाते-येते ते इथल्या माणसाला सांगायला नको. टोनर, कार्ट्रिज, प्रिंटहेड हे बहुधा झिजणारे भाग म्हणून बाहेर. लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी घेतली तरी बॅटरीची अनेकदा एकच वर्षाची. डेटाची जबाबदारी कोणीही घेत नाही. दुकानात ज्यादा पैसे भरून घेतलेली ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ पुष्कळदा कंपनीची नसतेच, तिसऱ्याच कोणाची असते, आणि तिची अटींची यादी वेगळी. एकतर्फी कराराविरुद्ध नव्या कायद्यात तरतूद आली खरी, पण ‘अनुचित करार’ म्हणून दाद मागायची तर जिल्हा आयोगाला तो अधिकारच नाही. त्यासाठी राज्य आयोग, म्हणजे मुंबई. चाळीस हजारांच्या लॅपटॉपसाठी तिथवर कोण जाणार? ही तरतूद करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बिल्डरांचे करार असावेत.

या सगळ्यात निर्णायक ठरतो तो एक साधा कागद: सर्व्हिस सेंटरची जॉब शीट. तिच्याकडे जरा जवळून पाहू. वर जॉब नंबर, तारीख, मॉडेल, सिरियल नंबर. त्याखाली ‘कस्टमर कंप्लेंट’ नावाची ओळ, त्यात काउंटरवरचा मुलगा ‘नॉट वर्किंग’ एवढंच टाइप करतो. त्याखाली ‘फिजिकल कंडिशन’, तिथे तो सवयीने ‘स्क्रॅचेस, डेंट’ लिहितो, यंत्र कालच खोक्यातून काढलेलं असलं तरी. खाली बारीक अक्षरात डेटाची जबाबदारी नाही, ठरावीक दिवसांत यंत्र नेलं नाही तर त्याची जबाबदारी नाही, आणि मग सहीची जागा. निम्मा वाद इथेच हरला जातो. ‘नॉट वर्किंग’च्या जागी ‘चालू केल्यावर दहा मिनिटांत आपोआप बंद होतो, खरेदीपासून तिसऱ्यांदा’ असं लिहून घ्यायला हवं. डेंट नसेल तर ते खोडून घ्यायला हवं, किंवा सहीजवळ ‘डेंट मान्य नाही’ असं हाताने लिहायला हवं. यंत्र परत मिळताना ‘ओके टेस्टेड’ म्हणून जी दुसरी शीट मिळते तीही जपायची. दोष उघड्या डोळ्यांनी कळणारा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो आणि वेळही जातो. एकाच दोषासाठी एका वर्षात चार जॉब शीट निघालेल्या असतील तर मूळ दोष सांगायला तज्ज्ञाची गरज तेवढी कमी होते. कंपनीच्याच कागदाने कंपनीविरुद्ध दिलेली ती साक्ष असते. काही सेंटरं वॉरंटीतल्या कामाची शीट देतच नाहीत, ‘सिस्टीममध्ये आहे’ म्हणतात. तेव्हा तिथेच उभं राहून कस्टमर केअरला ई-मेल टाकावा आणि तक्रार क्रमांक घ्यावा.

बिलाचंही तसंच. ‘जीएसटी नको असेल तर दोन हजार कमी’ हा प्रस्ताव वापीपासून विरारपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या यंत्राला पुढे वाली उरत नाही. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि बिलाच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेलं असलं तरी सदोष माल बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. ही ओळ छापणारे छापखाने कायद्यापेक्षा जुने आहेत, एवढंच.

तक्रार कोणाविरुद्ध करायची? दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते दुकानदाराकडे जा, ऑनलाइन मंच म्हणतो आम्ही नुसते मध्यस्थ. लोक वैतागून एकालाच धरतात, बहुधा ओळखीच्या दुकानदाराला सोडून कंपनीला. यात धोका आहे. गोव्यातल्या एका मोटारग्राहकाने नव्या मॉडेलचे पैसे भरले आणि त्याला आधीच्या सालातली, चाललेली गाडी मिळाली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही पातळ्यांवरच्या आयोगांनी विक्रेत्याबरोबर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं होतं, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं. कंपनी आणि विक्रेता यांचं नातं स्वतंत्र व्यापाऱ्यांचं, आणि कंपनीला विक्रेत्याची लबाडी ठाऊक होती असं कुठे म्हटलेलंही नाही, सिद्धही केलेलं नाही, हे कारण. संगणकाच्या तक्रारीत म्हणून दुकानदार, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर तिघांनाही पक्ष करून प्रत्येकाने नेमकं काय केलं ते वेगवेगळं लिहावं. कंपनी परदेशी असेल तर खोक्यावरचं लेबल पाहावं. आवेष्टित मालाच्या नियमांप्रमाणे त्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क असावाच लागतो. खोकं रद्दीत घातलं की हा पत्ता गेला. ऑनलाइन खरेदी असेल तर जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रार अधिकारी नेमणं, ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात निवारण करणं बंधनकारक केलं आहे.

खोक्याला आणखी एक गोष्ट चिकटलेली असते: माल कोणाच्या हातून आला ती. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग घेऊन संगणक जुळवून आणणारे आमच्याकडेही आहेत, आणि तिथे प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, कधी कंपनीची, कधी वितरकाच्या स्टिकरवरची. दुसऱ्या मार्गाने आयात झालेला अस्सल माल स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. इंटेलने २०१६ मध्ये भारतासाठी असंच धोरण आणलं होतं: खोकेबंद प्रोसेसर भारतातल्या अधिकृत वितरकाकडून घेतलेला असेल तरच इथे वॉरंटी, नाहीतर जिथे घेतला त्या देशात जा. दिल्लीतल्या एका आयातदार कंपनीच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये त्याच्या चौकशीचा आदेश दिला. प्रोसेसर तोच, कारखाना तोच, फक्त वाटेत हात वेगळे. तेवढ्यावर वॉरंटी नाकारणं मला कधीच पटलेलं नाही. पण लॅमिंग्टन रोडला घासाघीस करणाऱ्याने स्टिकर कोणाचा आहे ते वाचूनच पैसे मोजावेत.

यापुढचा प्रश्न नाजूक आहे, आणि रानशेतसारख्या गावात तो सगळ्यात जास्त लागू पडतो: हा माणूस ‘ग्राहक’ आहे का? गावात संगणक घेतला जातो तो बहुतेक वेळा कमाईसाठी. दाखले काढून देणारं सेवा केंद्र, झेरॉक्स-प्रिंटचं दुकान, फोटो स्टुडिओ, टंकलेखनाचा क्लास. कायदा सांगतो की व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक नव्हे. या विषयावरचा पायाभूत निवाडा महाराष्ट्रातूनच गेलेला आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने कोइम्बतूरच्या पीएसजी संस्थेकडून संगणकनियंत्रित लेथ यंत्र मागवलं. ते उशिरा आलं आणि सदोष निघालं. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने हा व्यापारी व्यवहार म्हणून ती काढून घेतली, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाचंच म्हणणं उचलून धरलं. उद्योजक हरला, पण निकालपत्रात न्यायालयाने दिलेलं उदाहरण हजारो छोट्या लोकांच्या कामी आलं. लोकांची कागदपत्रं पैसे घेऊन टाइप करून देण्यासाठी टाइपरायटर घेणं हे व्यापारी कारण. पण घेणारा स्वतःच त्यावर बसून काम करत असेल आणि त्यावरच त्याचं पोट असेल तर तो ग्राहकच. टाइपरायटरच्या जागी लॅपटॉप आणि प्रिंटर घाला, सेवा केंद्राचा प्रश्न सुटतो.

तो सुटतो, पण लिहिण्यावर अवलंबून. ‘माझा व्यवसाय आहे, मशीन बंद पडल्याने धंद्याचं नुकसान झालं’ असं तक्रारीत लिहिलं की समोरच्या वकिलाला आयतं कोलीत. ‘मी स्वतः हे यंत्र चालवतो, माझ्या कुटुंबाची उपजीविका यावर आहे’ हे खरं असेल तर पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. उलट मोठ्या कंपन्यांना हा दरवाजा अधिकच बंद होत चालला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉली मेडिक्युअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने आपलं कामकाज चालवण्यासाठी घेतलेलं सॉफ्टवेअर हे व्यापारी कारणच मानलं. शाळांचं मधलंच काहीतरी, कारण त्या बहुधा विश्वस्त संस्थांच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रतिभा प्रतिष्ठान प्रकरणातल्या २०१७ च्या निकालात विश्वस्त संस्थेला जुन्या कायद्याखाली तक्रारच करता येत नाही असं ठरलं होतं; नव्या कायद्यात ‘व्यक्ती’ची व्याख्या रुंद झाली आहे. सरकारी आश्रमशाळेतल्या बंद संगणकांचं मात्र वेगळं. खरेदी वरून झालेली, करार वरच्या कार्यालयात, आणि मुख्याध्यापकांच्या हाती फक्त स्टॉक रजिस्टर. संगणक खोलीला कुलूप लागतं ते अशाच कारणांनी.

पायऱ्या तशा कोणालाही सांगता येतात. राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५, महाराष्ट्राची १८००-२२-२२६२. दोन्हीकडे मराठीत बोलता येतं. मोठी कंपनी असेल तर हेल्पलाइनवरची नोंद हलक्यात घेऊ नये, वरिष्ठ कार्यालयातून फोन यायला तेवढीही कधी पुरते. तिथे नाही जमलं तर लेखी नोटीस, मग आयोग. आयोगाची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत विरुद्ध पक्षाने उत्तर द्यायचं, फार तर १५ दिवस वाढवून. या ४५ दिवसांपलीकडे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलं. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. कायदा म्हणतो.

प्रत्यक्षात खुर्च्याच रिकाम्या राहतात. आयोगावरच्या नेमणुकांचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सप्टेंबर २०२१ मध्ये अंशतः रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ते कायम केलं; त्या दीड वर्षात सदस्य नेमायचे कसे याचाच घोळ. संगणकाच्या तक्रारीत उशीर फार बोचतो, कारण वस्तू तोवर कालबाह्य होते. तीन वर्षांनी ‘यंत्र बदलून द्यावे’ असा आदेश मिळाला तर ते मॉडेल बाजारातच नसतं. म्हणून मागणी करताना बदलीबरोबर ‘किंवा किंमत व्याजासह परत’ असं लिहिणं शहाणपणाचं. आदेश मिळूनही पैसे न देणाऱ्यासाठी महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजारांचा दंड कायद्यात आहे.

एकेकट्याने दाद मागण्याची मर्यादा इथे कळते. दोष एकाच लॅपटॉपात नसतो, एका खेपेच्या हजारो यंत्रांत असतो. बिजागरी त्याच महिन्यात तुटते, बॅटरी तशीच फुगते. २००६ च्या ऑगस्टमध्ये डेलने सोनीने बनवलेल्या ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या, तेव्हा कोणी एकेक फिर्याद करत बसलं नव्हतं. आपल्याकडे हे काम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचं. जुलै २०२० पासून ते आहे, माल परत मागवण्याचा अधिकार त्याला आहे. प्रेशर कुकरच्या बाबतीत त्याने तो वापरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०,६४४ तक्रारी जमल्यावर ओला इलेक्ट्रिकला विक्रीनंतरच्या सेवेबद्दल नोटीस काढली. म्हणजे वाईट सर्व्हिस हा एकट्याचा नव्हे, सार्वजनिक प्रश्न आहे हे प्राधिकरणाला मान्य आहे. संगणकाला तोच न्याय लावायला हरकत काय? ज्या पिनकोडवर माल पोहोचवता, त्या पिनकोडवरून बिघडलेला माल स्वखर्चाने उचला, एवढा नियम केला तरी रानशेतच्या चार खेपा वाचतील. माल आणणारा कुरिअरवाला तसाच रिकाम्या हाताने परत जातो, त्याला न्यायलाही लावता येईल.

दुसरा मार्ग दुरुस्तीच गावाजवळ आणण्याचा. कासा किंवा डहाणूच्या बाजारातला मेकॅनिक हुशार असतो. चिप उकरून बसवण्याइतका हात असतो. त्याच्याकडे नसतात ते अस्सल सुटे भाग आणि सर्किटचा नकाशा. त्याने स्क्रूवरचा स्टिकर फाडला की कंपनी वॉरंटी रद्द करते. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्याखाली असे स्टिकर बेकायदा ठरू शकतात, आणि २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सहा कंपन्यांना तशी समज दिली होती. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल उघडलं, आणि मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने वस्तू किती सहज दुरुस्त होते याचा निर्देशांक विक्रीच्या जागी दाखवावा अशी शिफारस केली. निर्देशांक छापला जाईलही. पण कीबोर्ड बदलायला निम्मा लॅपटॉप खोलावा लागतो की नाही, आणि तो कीबोर्ड वापीच्या अधिकृत सेंटरबाहेर कोणाला विकत मिळतो की नाही, यातलं दुसरं उत्तर कंपनीने भाग खुले केल्याशिवाय बदलणार नाही, आणि तशी सक्ती अजून कुठल्या नियमात आलेली नाही.